मदत हवी आहे: गिरिराज कोंबडीची पिल्लं लाल हगतायत, ४ मेली

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी. चिपळूणजवळ गाव आमचं. घरामागे ८ गावठी कोंबड्या आधीपासून आहेत, यंदा पहिल्यांदाच गिरिराजची ४० पिल्लं आणली, आज २९ दिवसांची झाली. सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची), चौदाव्या दिवशी गंबोरो, दोन्ही लसी झाल्यात. परवा दुपारपर्यंत सगळी टणटणीत, खाद्य टाकायला गेलं की पायात पाय घालायची. संध्याकाळी बघतो तर पाच-सहा पिल्लं पंख पाडून, पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेली. वाटलं पावसाने गारठली असतील, म्हणून बल्ब लावला. काल सकाळी २ मेलेली, आज अजून २. आणि तुसावर लाल ठिपके, आधी वाटलं कोणीतरी पान खाऊन थुंकलंय, वाकून बघितलं तर ताजं रक्त.

दुकानात सांगितलं तर त्याने पुढचं काही न विचारता अँटिबायोटिकची पुडी हातात ठेवली, काल आणि आज पाजली, ढिम्म फरक नाही. खुराड्यात फिनेल पण मारलं. आता संध्याकाळी दुसरीकडून अँप्रोलियम २० टक्केची ३० ग्रॅमची पुडी आणलीय, वर लिहिलंय २५ लिटर पाण्याला. माझ्या ३६ पिल्लांना २५ लिटर संपवायला आठवडा लागेल हो! तर हे कॉक्सीच (आतड्यातल्या जंतूने होणारी रक्ताची हगवण) आहे का मानमोडी, थोड्या पाण्याला डोस कसा काढायचा, धडधाकट दिसतायत त्यांना पण द्यायचं का, आणि गावठी कोंबड्यांची अंडी खायची का? डॉक्टर परवा येतो म्हणालेत, तोवर हातावर हात ठेवून बसवत नाही.

खुराडेवाला:
दादा, २९ दिवस, जुलैचा पाऊस आणि ताजं रक्त म्हणजे दहात नऊ वेळा कॉक्सीच. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं यात जास्त सापडतात. मानमोडीत हिरवी हगवण, तोंड उघडून श्वास आणि मान वाकडी होते. गंबोरोत पांढरी पाण्यासारखी हगवण आणि पिल्लं थरथरतात. आणि हो, चॉकलेटी चिकट शीट दिवसातून एखाद-दोनदा नॉर्मल असते, ती बघून घाबरू नका.

खात्री हवी तर आत्ता मेलेलं पिल्लू फाडून बघा, हातमोजे घालून. आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या (एका टोकाला बंद) पिशव्या असतात, त्या फुगून काळ्या-लाल झाल्या असतील आणि आत रक्त नाहीतर गोठलेल्या गुठळ्या असतील तर विषय संपला. फक्त एकदम खूप पक्षी मेले, तुरे निळे पडले, तोंड सुजलं असं काही असेल तर हात पण लावू नका, सरळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

डोस सोपा आहे. ३० ग्रॅमला २५ लिटर म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम. काटा नसेल तर पुडी कोरड्या पेपरवर ओता आणि अर्धी, अर्ध्याची अर्धी, परत अर्धी करत ८ ढिगल्या करा, एक ढिगली साधारण तीन लिटरला, एवढंच पाणी तुमची पिल्लं दिवसात पितील. रोज ताजं करायचं, पाच दिवस पूर्ण, पुढे आठवडाभर पाव ढिगली. दुसरं पाणी कुठेच मिळता कामा नये, पागोळीखाली साचलेलं डबकं पण नाही. द्यायचं सगळ्यांना, कारण धडधाकट दिसणाऱ्यांच्या पोटातही तो जंतू शिरलेलाच असतो.

माहेरवाशीण:
आमच्याकडे आजी हळद-लसूण घालायची, उतार पडायचा की.

खुराडेवाला:
ताई, हळद खुशाल घाला, पण रक्त दिसल्यावर तिच्या भरवशावर राहू नका, दोन दिवसात अर्धं खुराडं रिकामं होतं. आणि दादा, अँप्रोलियम चालू असताना व्हिटॅमिन बीचं टॉनिक बंद. हे औषध त्या जंतूला बी-१ मिळू देत नाही म्हणून तर चालतं, तुम्ही वरून बी-१ पाजलंत तर केलेलं पाण्यात. टॉनिक कोर्स संपल्यावर. टोल्ट्राझुरिल नावाचं कॉक्सीचं दुसरं औषध पण मिळतं, पण अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते नको. गावठ्यांना औषधाचं पाणी देऊच नका, वेगळ्या ठेवा, अंड्यांना काही होत नाही.

आता खरं सांगा, तूस ओलं आहे ना? आणि खाद्य काय देताय?

धागाकर्ता:
तूस पाण्याच्या भांड्याभोवती चिखल झालंय, खरं आहे. खाद्याचं म्हणाल तर २० दिवस स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) दिलं, मग महाग पडतं म्हणून मका आणि तांदळाच्या कण्या चालू केल्या. तेच नडलं का?

खुराडेवाला:
नडणारच. बऱ्याच स्टार्टरमध्ये कॉक्सीचं औषध मिसळलेलं असतं, ते थांबलं आणि खाली ओल. शिटेतून पडलेली त्या जंतूची अंडी ओल्या उबेत दिवस-दोन दिवसात तयार होतात, पिल्लू चोच मारतं, पाच-सहा दिवसांनी रक्त. फिनेलने त्यांना काहीच होत नाही. ओलं तूस सगळं उचला, लांब खड्ड्यात पुरा, जमिनीवर चुना भुरभुरून तीन इंच कोरडं तूस टाका. पाण्याचं भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीला विटेवर. आणि गावठ्यांकडची चप्पल पिल्लांकडे नाही, मोठ्या कोंबड्यांना सहसा काही होत नाही पण त्या शिटेतून पसरवतात.

धागाकर्ता (चौथा दिवस):
अपडेट. पिल्लू फाडलं, दोन्ही पिशव्या जांभळासारख्या काळ्या आणि आत नुसतं रक्त. ती सुरी आईने खिडकीतून परड्यात फेकली, नवीन आणायचा हुकूम झालाय. औषध सुरू केलं त्या रात्री अजून ३ गेली, दुसऱ्या दिवशी १, काल आणि आज एकही नाही. डॉक्टर पण येऊन गेले, कॉक्सीच म्हणाले, हाच डोस पुढे चालू ठेवायला सांगितलंय. आज सकाळी तुसावर लाल नव्हतं, ३२ पैकी २९ भांड्यावर तुटून पडली. उरलेली तीन पाणी पितात पण दाण्याला तोंड लावत नाहीत, तुरे पांढरेफटक. त्यांना वेगळ्या डालग्यात ठेवलंय. यांना भाताची पेज चालेल का?