आधी खेळ, मग गाणी, मग येशू: किशोरवयीन मुलांसाठीच्या ख्रिस्ती क्लबांबद्दल तुमचं मत काय?

निवडुंग

लेक चौदा वर्षांची आहे. वर्गातली एक मैत्रीण तिला दर सोमवारी संध्याकाळी एका क्लबला घेऊन जाते. ख्रिस्ती लोकांनी लोकवर्गणीतून चालवलेला, फक्त आठवी ते बारावीच्या मुलांसाठी. फी नाही, हजेरी नाही. तिथे काय करता विचारलं तर म्हणाली, "एकाच्या डोक्यावर शेव्हिंग क्रीम थापायचं आणि बाकीच्यांनी लांबून पिंगपाँगचे चेंडू फेकायचे. ज्याच्या डोक्यावर जास्त चिकटतील तो जिंकला. मग गाणी. मग एक दादा दहा-पंधरा मिनिटं बोलतो."

"कशाबद्दल?"

"येशूबद्दल." हवामानाबद्दल सांगावं तसं सांगितलं आणि खोलीत निघून गेली.

आम्ही ख्रिस्ती नाही. येशूशी माझं वाकडं काही नाही. खटकलं ते वेगळंच. पहिल्या दिवशी जो कागद घरी आला त्यावर मजा, मैत्री, साहस असे तीन मोठे शब्द होते. ख्रिस्ती हा शब्द होता, पण खाली पत्त्याच्या ओळीत, मुंगीच्या अक्षरात. आता उन्हाळ्याच्या शिबिराचा फॉर्म आलाय. आधी मैत्री करायची आणि मग हळूच मुद्द्यावर यायचं, ही पद्धत तुम्हाला पटते का? दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत. फक्त "सगळे तसलेच" छाप प्रतिसाद नकोत.

गव्हाण

मी जन्माने ख्रिस्ती, आणि अशाच एका उपक्रमात सहा वर्षं स्वयंसेवक होतो, म्हणून लिहितो.

कागदाबद्दल तुमचं बरोबर आहे. ते अक्षर मोठं हवं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण "हळूच मुद्द्यावर" हे मान्य नाही. या पद्धतीमागचा विचार असा की ज्या मुलाला तुम्ही ओळखत नाही, त्याला सुवार्ता सांगायचा तुम्हाला हक्कच नाही. तो हक्क त्याच्यासोबत वेळ घालवून कमवायचा असतो. 'यंग लाइफ' ही संस्था 1941 साली अमेरिकेत टेक्सासमध्ये जिम रेबर्न यांनी सुरू केली ती याच विचारावर. चर्चमध्ये येणारी मुलं येतच होती, न येणाऱ्यांचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. मग मुलं जिथे असतात तिथे जायचं: मैदानावर, शाळेच्या नाटकाला.

आमच्याकडे एक मुलगा होता. फुटबॉल संघात, पण राखीव. दर सामन्याला बाकावर बसलेला. घरून कधीच कुणी यायचं नाही. मी दोन हंगाम त्याचे सामने बघितले, म्हणजे खरं तर त्याचं बाकावर बसणं बघितलं. तिसऱ्या वर्षी त्यानेच विचारलं, "तू का येतोस?" तेव्हा सांगितलं. तोवर येशूचं नावही काढलं नव्हतं.

उलटतपासणी

गव्हाण, गोष्ट छान आहे. एकच प्रश्न. दोन हंगाम तुम्ही त्याच्याशी काही बोलला नाहीत, पण देणगीदारांना जे पत्र जातं, त्यात तो मुलगा होता का?

गव्हाण

होता. नाव नव्हतं, पण "एक राखीव खेळाडू, ज्याचे आईवडील कधी येत नाहीत" असं होतं. गावातल्या कुणालाही कळलं असतं. त्याला विचारलं नव्हतं. आज लिहिताना ते बोचतंय.

उलटतपासणी

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार, खरंच. माझा आक्षेप नेमका इथे आहे, आणि तो धर्मावर नसून हिशेबावर आहे.

लोकवर्गणी म्हटलं की वाटतं, वा, सगळ्यांनी मिळून उचललेलं काम. आहेच. स्थानिक समिती असते, वर्षातून एकदा देणगीसाठी जेवण असतं, काही घरं दरमहा ठरावीक रक्कम देतात, मुलांच्या शिबिरासाठी कुणी गाड्या धुतं. सरकारचा पैसा नाही, मोठ्या कंपनीचा नाही. पण देणाऱ्याला काहीतरी दिसावं लागतंच. वाचनालयाला देणगी दिली तर पुस्तकं मोजता येतात. इथे काय मोजणार? किती मुलं आली, किती शिबिराला गेली, किती जणांनी "निर्णय घेतला", म्हणजे येशूला स्वीकारलं. मूल क्लबमध्ये पाहुणा असतं आणि अहवालात आकडा. हा दुटप्पीपणा कुणा एका दादाच्या मनात असतो असं मी म्हणत नाही, तो या रचनेतच आहे.

आणि दुसरं. शिबिराचे पैसे नसलेल्या मुलाला "कुणीतरी तुझे पैसे भरलेत" असं सांगतात. पंधरा वर्षांच्या पोराला ते ओझं किती वाटत असेल! शेवटच्या रात्री "तुझं काय ठरलं?" विचारलं की तो नाही म्हणेल?

जुनी वही

थोडा इतिहास, कारण इथे सगळं काल-परवा सुरू झाल्यासारखं बोललं जातंय. 1780 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा चालू केली. आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांना एकच सुटीचा दिवस, त्यात अक्षरओळख. वाचायला पुस्तक कुठलं, तर बायबल. 1844 साली लंडनमध्ये कापडदुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्सने वायएमसीए ही ख्रिस्ती संस्था काढली, खेड्यातून आलेल्या एकट्या तरुणांसाठी. तिच्याच अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण शाळेत 1891 साली जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल शोधला. व्हॉलीबॉलही वायएमसीएतलाच, 1895 चा. म्हणजे खेळ हे धर्माचं आमिष असेल तर अर्धं जग ते आमिष खाऊन बसलंय, आणि बहुतेकांना गळ लागलेला नाही.

उलटतपासणी

बास्केटबॉल खेळून झाल्यावर अंधारात एकटं बसवून मनाचा कौल विचारत नाहीत, वही.

बिनछत्री

हे "अंधारात एकटं" कुणीतरी काढलंच, म्हणून लिहिते. मी सोळाव्या वर्षी असल्या शिबिराला गेले होते.

आठवडाभर फोन जमा. सकाळपासून रात्रीपर्यंत पळापळ, डोंगरावरून दोरीने उतरणं, तळ्यात उड्या. झोप जेमतेम पाच तास. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर आठवडा होता, अजूनही आहे, हे आधी सांगते. रोज रात्री भाषण, आणि ती एका ओळीत रचलेली: आधी देव कसा प्रेमळ, मग माणूस कसा दुरावला, मग क्रूस. क्रूसाच्या रात्री वक्त्याने खिळे किती लांब असतील ते बोटांनी दाखवलं होतं. नंतर आम्हाला सगळ्यांना बाहेर पाठवलं. वीस मिनिटं, एकमेकांशी बोलायचं नाही, हवं तर देवाशी बोला. गवत ओलं होतं. दहा पावलांवर कुणीतरी हुंदके देत होतं. मीही रडले. कशासाठी, ते आजही नीट सांगता येणार नाही. येशूसाठी, की आजोबा त्याच वर्षी गेले म्हणून, की पाच दिवस झोप नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशी "ज्यांनी काल निर्णय घेतला त्यांनी उभं राहा". मी उभी राहिले. घरी आल्यावर तीन आठवड्यांत सगळं ओसरलं.

पण आमच्या गटाची ताई ओसरली नाही. ती पुढची दोन वर्षं माझ्याशी बोलत राहिली, मी क्लबला जाणं सोडल्यावरही. मग मी तिला सांगितलं की मला मुली आवडतात. ती रडली, तिने मिठी मारली, आणि म्हणाली की तू कधीही ये, पण गटाची ताई मात्र तुला होता येणार नाही, तसा नियम आहे. 2020 साली यंग लाइफमधल्या अनेक जुन्या मुलामुलींनी हेच अनुभव हॅशटॅग लावून उघडपणे लिहिले, तेव्हा कळलं की मी एकटी नव्हते. निवडुंग, मी तुमच्या जागी असते तर येशूबद्दल नाही, याबद्दल विचारलं असतं. दार कुणासाठी कुठपर्यंत उघडं आहे ते.

खडूस

बंद करा की सरळ. अठरा वर्षांखालच्यांना कुठल्याही धर्माचा प्रचार नको. विषय संपला.

कलमकसाई

खडूस, इतकं सोपं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं चौदावं कलम मुलालाच विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं, आणि पालकांना त्यात मार्गदर्शन करायचा हक्क आणि कर्तव्य. म्हणजे मुलाचं ऐकणंही आलं. अमेरिकेने हा करार मंजूर केलेला नाही, पण तिथेही मधला रस्ता आहे. 1984 च्या कायद्यानुसार सरकारी माध्यमिक शाळेने इतर क्लबांना जागा दिली तर विद्यार्थ्यांच्या धार्मिक क्लबालाही द्यावी लागते, मात्र बाहेरच्या मोठ्यांनी तो चालवायचा नाही की नेहमी हजर राहायचं नाही. त्या कायद्यालाही कळलं होतं की धोका धर्मापेक्षा मोठ्या माणसाच्या वजनाचा आहे. (शाळा सुटल्यावर बाहेरच्या संस्थेला वर्ग वापरायला देण्याचा मुद्दा वेगळा. 2001 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक म्हणून नाकारता येणार नाही असा निकाल दिला.)

गव्हाण

बिनछत्री, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या नियमाचं समर्थन करणारे माझ्या मंडळीत आहेत, मी त्यातला नाही, पण मी तेव्हा गप्प होतो.

उलटतपासणी, तुमचं मोजणीबद्दलचं म्हणणं पटतं. वीस मिनिटांबद्दलचं पूर्ण नाही. ज्या मुलाला वर्षभर कुणी शांत बसू दिलं नाही, त्याला ती वीस मिनिटं मिळणं वाईट नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत उभं करणं मात्र मी काढून टाकलं असतं. विश्वास खरा असेल तर तो महिन्याभरानेही सांगता येतो.

निवडुंग

सगळ्यांचे आभार. काल क्लबला जाऊन आले. मागच्या खुर्चीवर बसले, कुणी हटकलं नाही. शेव्हिंग क्रीमचा खेळ प्रत्यक्षात जास्तच घाण असतो. दादाचं बोलणं अकरा मिनिटं, बरं होतं.

नंतर त्याला तीन गोष्टी विचारल्या. पत्रात मुलांबद्दल लिहिता का? म्हणाला, लिहितो, तुमच्या मुलीबद्दल तिला आणि तुम्हाला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. बिनछत्रीचा प्रश्न विचारला, तर थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला आणि म्हणाला, नियम तोच आहे. तिसरं, शिबिरात घरी फोन करावासा वाटला तर? "फोन ऑफिसात असतात. मागितला तर देतो."

घरी येऊन लेकीला या धाग्यातलं बरंचसं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, ते का बोलावतात ते मला पहिल्या दिवसापासून माहितेय." फॉर्म अजून फ्रीजवर चुंबकाखाली आहे. सही केलेली नाही.

उलटतपासणी

"मागितला तर देतो" याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा मुलीला माहीत असेल की मागता येतो. त्या रात्रीसुद्धा.

निवडुंग

सांगितलंय. त्या रात्रीचं मुद्दाम नाव घेऊन.