लेथच्या पार्ट्सवरचं जुनं ग्रीस दगडासारखं झालंय, कसं काढू?

लेथवेडा: एक छोटा लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र) मिळालाय, न वापरलेला, कित्येक वर्षं पेटीत पडून होता. चक (कातायचा तुकडा पकडणारा भाग), टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा आधार), चेंज गिअर सगळ्यावर तपकिरी ग्रीस थापलंय आणि वरून मेणकागद, तो ओढला की नुसते तुकडे हातात येतात. काही ठिकाणी नख रुततं पण बेडच्या (खालच्या लांब पायाच्या) कडेला पार व्हार्निशसारखं कडक झालंय. रॉकेलच्या फडक्याने अर्धा तास घासलं तर फक्त चोपडं झालं. लोखंडी पत्रीने खरवडू का? की सरळ पेट्रोलने धुवू?

जुना फिटर: दोन्ही नका करू. बेड ग्राइंड केलेला असतो, पत्रीचा एक ओरखडा कायमचा राहतो. आणि पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशालाही पेट घेऊ शकते, हवेपेक्षा जड असते म्हणून जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही भडका उडतो. रॉकेलच बरं, फक्त त्याला वेळ द्या.

हे ग्रीस म्हणजे मुळात पेट्रोलियमचं मेण, त्यातला पातळ भाग वर्षानुवर्षं उडून जातो आणि मेण मागे उरतं, म्हणून ते कडक होतं. त्याला आधी ऊब द्या. पन्नास अंशाच्या आसपास ते मऊ पडतं, हेअर ड्रायर पुरतो. मऊ झालं की लाकडाच्या नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीने ढकला, गोळा होऊन येतं. पार्ट पूर्ण गार झाल्यावरच रॉकेल लावायचं, गरम लोखंडावर कधीच नाही. जिथे हटत नाही तिथे रॉकेलात भिजवलेलं फडकं पसरा, वर प्लास्टिक झाका आणि रात्रभर सोडा, सकाळी पुसलं की निघतं.

गिअरबॉक्स: बारीकसारीक पार्ट असतील तर उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून बुडवा, मेण वितळून वर तरंगतं. ॲल्युमिनिअमचं काही त्यात टाकू नका, काळं पडतं.

पण खरी काळजी नंतरची आहे. ते ग्रीस इतकी वर्षं गंज अडवून होतं, ते गेलं की लोखंड उघडं पडतं. मी एकदा टेलस्टॉकचा क्विल (आतबाहेर सरकणारी नळी) छान धुऊन पुसून ठेवला, तेल उद्या लावू म्हटलं, आणि सकाळी बघतो तर जिथे जिथे हात लागला होता तिथे माझ्या बोटांचे ठसे नारिंगी गंजात उमटलेले, रेषा न् रेषा दिसत होती. तेव्हापासून तेलाची बाटली उघडून शेजारी ठेवल्याशिवाय मी धुवायला घेतच नाही.

लेथवेडा: ऊब देऊन पाहिलं, बेडची एक बाजू अक्षरशः चकचकीत निघाली, खूप आभार!! आता चक, वरून स्वच्छ केला पण किल्ली फिरवताना जड जातेय.

जुना फिटर: आतल्या स्क्रोलच्या (जबडे सरकवणाऱ्या चकतीच्या) खाचांत तेच मेण बसलंय, चक खोलावाच लागेल. जबडे काढण्याआधी त्यांवरचे १, २, ३ नंबर बघून ठेवा, परत त्याच क्रमाने घातले नाहीत तर जॉब (कातायचा तुकडा) मधोमध धरत नाही. आणि हेडस्टॉकमध्ये (चक फिरवणाऱ्या पेटीत) वरून रॉकेल ओतू नका, सगळी घाण वाहत जाऊन स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये बसेल. तिथे फडकं आणि ब्रशनेच करा, हळूहळू.