आईच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये 'एम बँड' आलाय, मदत हवी आहे

रानवेल: आईच्या रक्ताच्या प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसचा (रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघायची तपासणी) रिपोर्ट आलाय. गॅमा भागात एम बँड आहे असं लिहिलंय. डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नाहीत. गूगल केलं तर सगळीकडे कॅन्सर. खरंच तसं असतं का? प्लीज लवकर सांगा.

दत्ता_मिरजकर: माझ्या वडिलांचं ग्लोब्युलिन असंच वाढलं होतं. लिव्हरचं निघालं. टेन्शन घेऊ नका.

सूक्ष्मदर्शी: दत्ता, लिव्हरच्या आजारात किंवा जुनाट संसर्गात गॅमा भाग पसरट फुगतो, कारण वेगवेगळ्या पेशी वेगवेगळी प्रतिपिंडं बनवत असतात. एम बँड म्हणजे एकाच कुळातल्या प्लाझ्मा पेशींचं (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) एकच प्रथिन, म्हणून आलेखात टोकदार सुळका. रानवेल, बँड किती ग्रॅम (दर डेसिलिटरला)? वय? हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन? आणि ही तपासणी मुळात सांगितली कशासाठी?

माई७१: प्रोटीन वाढलंय ना, मग डाळी, अंडी, पनीर बंद करा आठवडाभर.

सूक्ष्मदर्शी: नको माई. हे प्रथिन जेवणातून येत नाही. डाळ तोडून अशक्तपणा तेवढा वाढेल.

गोंदण: आमच्या मुलीचं ए-टू ४.९ आलं होतं, थॅलेसेमिया मायनर. लग्नाआधी जावयाचीही तपासणी करून घेतली.

रानवेल: ते हिमोग्लोबिनच्या इलेक्ट्रोफोरेसिसचं ना? आमचं ते नाही. वय ६८, बँड २.१, एकूण प्रोटीन ८.२, अल्ब्युमिन ३.५, हिमोग्लोबिन ९.४. बाकीचं केलेलं नाही.

पुनवडी: ३ च्या खाली आहे, म्हणजे एमगस (MGUS), एम बँड असतो पण कॅन्सर नसतो अशी अवस्था. पन्नाशीनंतर शंभरात तिघांना सापडतं, त्यातल्या साधारण एक टक्क्याचंच दरवर्षी पुढे काही होतं. माझे काका ठणठणीत आहेत. सहा महिन्यांनी परत करा.

सूक्ष्मदर्शी: घाई होतेय. बँड ३ ग्रॅमच्या आत, बोन मॅरोत प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांच्या आत आणि अवयवांना इजा नाही, हे तिन्ही असेल तर एमगस. हिमोग्लोबिन ९.४ का, ते आधी शोधायला हवं. लोह किंवा बी-१२ कमी असेल, पण गृहीत धरता येत नाही.

पुनवडी: माणूस आधीच घाबरलाय, त्यात तुम्ही भर घालताय.

सूक्ष्मदर्शी: सहा महिने थांबायला सांगणं मला जास्त धोक्याचं वाटतं. इम्युनोफिक्सेशन, फ्री लाइट चेन (या प्रथिनाचा प्रकार आणि तुकडे बघणाऱ्या तपासण्या), कॅल्शियम, क्रिएटिनिन हवंच. रानवेल, कारण अजून सांगितलं नाहीत.

रानवेल: पाठ दुखते तिची दिवाळीपासून. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितली तपासणी. एक्स-रे नॉर्मल आहे. डायक्लोफेनॅक रोज चालू.

सूक्ष्मदर्शी: अहो, हेच महत्त्वाचं होतं! प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर (मायलोमा) असेल तर हाडं झिजून पाठ दुखू शकते, म्हणून तो आहे की नाही हे बघायलाच हवं. सोमवारची वाट बघू नका, गोळीबद्दल आजच फोन करून विचारा. या प्रथिनामुळे किडनीला त्रास होत असेल तर डायक्लोफेनॅक तो वाढवतं. आणि हाड बरंच झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेत दिसत नाही. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर थेट इमर्जन्सीत न्या.

दत्ता_मिरजकर: सरळ परळला टाटाला जा.

गोंदण: लगेच मुंबई कशाला? आधी जवळचा हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) गाठा.

रानवेल: फोन लागला. गोळी बंद करायला सांगितली. कॅल्शियम, क्रिएटिनिन उद्या सकाळी. उपाशीपोटी न्यायचं का?

सूक्ष्मदर्शी: या दोन्हींना गरज नाही. पाणी पिऊ द्या. आकडे आले की इथे टाका.