पुअर: शेंग आणि शोऊ एका मापाने मोजू नका

जुन्या पुअरला, म्हणजे मुरवलेल्या चिनी चहाला, ओल्या मातीचा वास आला म्हणून तुम्ही तो बाजूला ठेवलात, हे वाचून वाईट वाटलं. वर्णनावरून तो शोऊ असावा. शेंग म्हणजे कच्चा, वर्षानुवर्षं आपसूक मुरणारा. शोऊ म्हणजे ओल्या ढिगात दीड-दोन महिने उबवून लवकर पिकवलेला. चीनच्या युन्नान प्रांतात ही पद्धत १९७३ च्या सुमारास बसली. ढिगाचा तो दर्प, चहा काही आठवडे हवेशीर जागी (मसाल्यांपासून लांब!) ठेवला की बराच उतरतो. टाकून देऊ नका.

पण एकदा जुना शेंग पिऊन बघाच. दाबून केलेली अख्खी ३५७ ग्रॅमची चकती नको, २५ ग्रॅमचा नमुना पुरे. १०० मिलीच्या गायवानमध्ये (झाकणाच्या चिनी वाटीत) ५ ग्रॅम पानं, कडक उकळतं पाणी. पहिलं पाणी ओतून द्यायचं, पुढची दहा-दहा सेकंदांत गाळायची. माझ्याकडचा वीसेक वर्षांचा शेंग तिसऱ्या पाण्याला पातळ काकवीच्या रंगाचा होतो. वास जुन्या लाकडी कपाटाचा, त्यात कापराची झाक. सातव्या-आठव्या पाण्याला कडूपणा सरतो आणि गिळल्यावर घशात गोडी परत येते. चिनीत तिला हुई-गान म्हणतात. मी जुना शेंग पितो तो तिच्यासाठीच.

आणखी एक, खरेदीआधी वेष्टणावरचा आकडा नीट वाचा. उदाहरणार्थ, ७५४२ मधले ७५ म्हणजे मिश्रणाची कृती १९७५ ची, ४ ही पानांची प्रत, २ म्हणजे मंगहाई कारखाना. चहा १९७५ चा नव्हे. काही विक्रेते नेमकं इथेच गंडवतात.