पिशवीवर ‘होलमील’ लिहिलंय का बघ

आत्या (लेस्टर, इंग्लंड): इथे ब्रेड आणि मैद्याचे नियम बदललेत. डिसेंबर २०२६ पासून गिरणीतच पिठात फॉलिक ॲसिड, म्हणजे एक बी जीवनसत्त्व, घालावं लागणार, १०० ग्रॅमला २५० मायक्रोग्रॅम. धाकटे, हे मुद्दाम तुझ्यासाठी लिहितेय.

काका (नाशिक): ताई, सगळ्यांच्या पावात औषध कशाला? ज्यांना हवं त्यांनी गोळी घ्यावी.

आत्या: अरे, नवीन काही नाही. कॅल्शियम, लोह आणि बी-१, नायसिन ही जीवनसत्त्वं इथल्या मैद्यात कधीपासून घालतात. आणि गोळी घ्यायची कधी? बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू जिथून तयार होतो ती नळी पहिल्या २८ दिवसांत बंद होते. तोवर बऱ्याच जणींना दिवस गेलेत हेच कळलेलं नसतं. सरकारी अंदाजाने या बदलामुळे वर्षाला सुमारे २०० गर्भांमधलं ही नळी उघडी राहण्याचं व्यंग टळेल.

आत्या: माझ्या पहिल्या वेळचं तुम्हाला माहीत आहेच.

आई: हो गं. वन्सं, मी विसरले नाही.

आत्या: फॉलिक ॲसिडने हे टळतं हे १९९१ सालीच मोठ्या चाचणीत दिसलं होतं. आधी असं बाळ झालेल्या बायकांमध्ये धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. अमेरिकेने १९९८ मध्ये सक्ती केली. इथे कायदा व्हायला २०२४ उजाडलं. याचा मला फार राग येतो.

आजी: आमच्या मुंबईत पूर्वी कोणी इंग्रज डॉक्टरीणबाई होत्या ना, कापड गिरणीतल्या गरोदर बायकांचं रक्त तपासायच्या?

आत्या: आई, त्याच डॉ. लूसी विल्स! यीस्टच्या अर्काने त्या बायकांचा पंडुरोग बरा होतो हे त्यांनी १९३१ साली छापलं. त्या अर्कातलं जे लागू पडलं ते म्हणजेच फोलेट, या फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप. मुंबईच्या गिरणीतल्या बायकांमुळे हे जगाला कळलं, हे आपल्या घरात तरी सगळ्यांना माहीत असायला हवं.

धाकटी (कॉव्हेंट्री): आत्या, मग मी आता गोळी बंद करू का? पोळ्या रोजच होतात.

आत्या: अजिबात नाही! म्हणूनच तर लिहिलं. होलमील, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ, या नियमातून वगळलंय. वर्षाला ५०० टनांपेक्षा कमी दळणाऱ्या छोट्या गिरण्याही. आपण पाव कमी आणि पोळ्या जास्त खाणारे. तुझ्या कणकेच्या पिशवीवर होलमील असेल तर त्यात काही घातलेलं नसेल. ४०० मायक्रोग्रॅमची गोळी चालूच ठेव, दिवस गेल्यावर १२ आठवडे होईपर्यंत. आणि आपल्या घरात असं होऊन गेलंय हे तुझ्या डॉक्टरांना आधी सांग. काहींना ५ मिलिग्रॅमची लिहून देतात.

धाकटी: पिशवी बघितली. होलमीलच आहे.

काका: इथल्या आट्यावर ‘+एफ’ खूण असते ती हीच का?

आत्या: हो. त्यात लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२. पण तिकडे सक्ती नाही, आणि चक्कीवरून दळून आणलेल्या गव्हात तर नाहीच. सुनेला सांग.

काका: आज संध्याकाळीच सांगतो.

धाकटी: सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, आत्या.