गावच्या घराला स्मार्ट डेडबोल्ट: लावावा की नाही?

पुण्यातला वऱ्हाडी
आमचं घर दारव्हा तालुक्यात. आई-बाबा दोघंच राहतात. वेचणीच्या दिवसांत दोघंही सकाळीच वावरात जातात आणि किल्ली दारामागच्या देवळीत, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मागच्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला झालं, बारा दिवस घर बंद. शेजारच्या काकू दिवाबत्ती करायला तयार होत्या, पण किल्ली आमच्या पिशवीत नागपुरात! म्हणून समोरच्या दाराला स्मार्ट डेडबोल्ट, म्हणजे मोटारीनं दांडा सरकवणारं कुलूप, लावायचं ठरवलंय. बोटानं, आकड्यांच्या कोडनं किंवा किल्लीनं उघडतो. काकूंना वेगळा कोड द्यायचा, काम झालं की पुसून टाकायचा. यात चुकतोय असं वाटत असेल तर आताच सांगा.

काळी माती
भाऊ, बोटावर भरवसा ठेवू नका. माया आईनं जनमभर कापूस वेचला. वाळल्या बोंडाचे काटे टोचून टोचून बोटाच्या रेघाच राह्यल्या नाई. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लागत नाई म्हून तिले दोन-दोन चकरा माराव्या लागतात. थेच बोट घरच्या दारावर नाई लागलं त भर उन्हात ओट्यावर बसाचं का तिनं? दहा-पंधरा हजार रुपये त्याच्यात घालण्यापेक्षा चांगलं सात लिव्हरचं कुलूप घ्या अन् किल्ली काकूपाशी ठेवा.

आर्वीची सून
काळी माती दादा, बोटाचं बरोबर बोललात. आमच्या सासूबाईंचंही बोट दहापैकी चार वेळा लागायचं. पण म्हणून कुलूपच वाईट कसं? त्या आता सहा आकड्यांचा कोड दाबतात. आकडे मोठे, अंधारात उजळणारे घेतले. दोन वर्षं झाली, कंबरेला किल्ली नाही.

माझा आग्रह आहे की वायफायवालं घेऊ नका. गावात लाईन गेली की राउटर बंद, आणि वायफाय सेलही लवकर खातं. कोड आणि ब्लूटूथ पुरेसं. कुलूप स्वतः सेलवर चालतं, त्यामुळे लोडशेडिंगचा त्याला फरक पडत नाही. सेल अल्कलाइनच टाका. रिचार्जचे सेल 1.2 व्होल्टचे, अल्कलाइन 1.5 चे, रिचार्जच्या सेलवर ‘सेल संपत आले’ हा इशारा नीट मिळत नाही. सेल पूर्ण उतरलेच तर बऱ्याच मॉडेलांना खाली दोन टोकं असतात, त्यांना 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की कोड चालतो. ती बॅटरी काकूंच्या घरी ठेवा, आपल्या घरात नाही.

एक चूक आम्ही केली. आपोआप बंद होण्याची सोय चालूच राहिली. सासूबाई चुलीवर दूध ठेवून अंगणात पापड पालटायला गेल्या, दार ओढलं गेलं, खट्. घाबरून कोड आठवेना. दूध तर गेलंच, पण त्या तासभर थरथरत होत्या. ती सोय पहिल्याच दिवशी बंद करा.

रंधा
मी सुतार आहे, चंद्रपूरकडचा. कुलपावर एवढं बोलणं झालं, दार कोणी विचारलंच नाही. भाऊ, तुमचं दार एका झडपेचं की दोन? जुन्या घरांना दोन झडपा आणि वर कडी-कोयंडा असतो. डेडबोल्टचा दांडा साधारण 25 मिलिमीटर बाहेर येऊन चौकटीत शिरतो. दोन झडपांत तो दुसऱ्या झडपेत शिरणार, आणि ती झडप वर-खाली खिटीनं पक्की नसेल तर एका लाथेत दोन्ही उघडतात. शिवाय बरेच डेडबोल्ट 35 ते 45 मिलिमीटर जाडीच्या दारासाठी असतात. जुनी सागवानी फळी याहून जाड निघते. आधी मोजा.

दुसरं, श्रावणात लाकूड फुगतं. हाताच्या किल्लीला आपण दार उचलून, ढकलून दांडा बसवतो. मोटारीला ते कळत नाही. दांडा घासला की ती जोर लावते, अडकते, सेल उतरतात, आणि दार बंद झालं समजून माणूस निघून जातो. चौकटीतलं भोक सैल ठेवायला हवं. त्या भोकावरच्या लोखंडी पट्टीचे स्क्रू लांब, चौकट ओलांडून भिंतीत जाणारे हवेत. इंचभराच्या स्क्रूवर महागडं कुलूप लावलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं.

काळी माती
रंधा भाऊ, मायाच मनातलं बोलले. अन् परसातलं दार? थ्याले नुसती कडी असते. चोर समोरून कायले येईल?

आर्वीची सून
मागच्या दाराला आतून आडणा घाला, दादा. पण त्यासाठी समोरच्या देवळीतली किल्ली तशीच राहू द्यायची का? कोण कधी आत गेलं हे आम्हाला आता कळतं. पूर्वी फक्त संशय यायचा, आणि तो कामाला येणाऱ्या गरीब बाईवरच.

पुण्यातला वऱ्हाडी
बाबांना फोन करून मोजायला लावलं. दार दोन झडपांचं, फळी 52 मिलिमीटर. माझी निवड तिथेच अडली. रंधा भाऊ, जुनी चौकट ठेवून एका झडपेचं सागवानी दार बसेल का? आईला जुन्या दाराची पितळी कडी ठेवायचीच आहे.

रंधा
बसेल. चौकट ओळंब्यात आहे का तेवढं पाहा. कडी नव्या दाराला तशीच लावू. पण काम उन्हाळ्यात नको. त्या वाळल्या दिवसांत घट्ट बसवलेलं दार पावसात अडकतं. दिवाळीनंतर करू.