लिफ्ट बंदच्या मेसेजवरून निघालेला विषय

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. बी विंगची लिफ्ट उद्या सकाळी १० ते दुपारी २ सर्व्हिसिंगसाठी बंद राहील. कृपया सहकार्य करावे. 🙏

बी ५०२ काकू: अहो, उद्याच का? ११ वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. उतरेन कशीबशी, पण पाच मजले चढायचे म्हणजे माझे गुडघे संपलेच.

बी ३०१ दादा: काकू, उद्या माझं घरूनच काम आहे. परत आलात की गेटवरून फोन करा, मी खाली येतो. पिशवी वगैरे माझ्याकडे द्या.

बी ५०२ काकू: देव भलं करो रे बाळा.

ए १०३ काका: गुडघे दुखत असतील तर जिना टाळलेलाच बरा. चालण्यासारखा व्यायाम नाही. पाऊस नसला की मी रोज तळजाईच्या टेकडीवर जातो, दहा हजार पावलं पूर्ण केल्याशिवाय घरी येत नाही. खालचा मेसेज सगळ्यांनी वाचा.

*फॉरवर्डेड: रोज पहाटे ओल्या गवतावर अनवाणी चाला. शुगर मुळापासून जाते, चष्मा सुटतो. दहा जणांना पाठवा.*

सी ४०१ ताई: काकू, आधी उद्याचं सांगते. चढताना बरा पाय आधी वरच्या पायरीवर ठेवायचा, मग दुखरा. उतरताना उलट, दुखरा पाय आधी खाली. एक हात कठड्यावर, आणि प्रत्येक मजल्यावर थांबायचं. घाई अजिबात नको.

बी ५०२ काकू: इतकी वर्षं हे कोणी सांगितलं नाही. मी तर कायम डावाच आधी टाकते आणि दुखतोही डावाच.

सी ४०१ ताई: मग उद्या चढताना उजवा आधी. 🙂

काका, तुमच्या चालण्याचं कौतुकच आहे. पण तो फॉरवर्ड कृपया पुढे पाठवू नका. मधुमेह जुना झाला की पुष्कळांच्या तळपायाची संवेदना कमी होते. काच टोचली, खडा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि मग महिनोन्‌महिने ड्रेसिंग. फिजिओ म्हणून मी असे पाय जवळून पाहिलेत. मधुमेह असलेल्यांनी घरातसुद्धा चप्पल घालावी आणि रात्री झोपताना तळवे, बोटांच्या बेचक्या नीट बघाव्यात. खाली वाकता येत नसेल तर आरसा धरावा.

ए १०३ काका: बरं केलंत सांगितलंत. डिलीट करतो. पण दहा हजारांचं तरी खरं ना?

सी ४०१ ताई: तो आकडा कुठल्या डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तिथून तो जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १६,७०० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तुम्हाला दहा हजार जमतात, आनंदाने चाला. पण ज्यांना जमत नाहीत त्यांनी "आपल्याच्याने काही होत नाही" म्हणून घरी बसू नये, एवढंच माझं म्हणणं.

बी ३०१ दादा: माझी ऑफिसच्या दिवशी दीड हजारसुद्धा होत नाहीत. सकाळी ९ ला खुर्चीत बसलो की रात्री ८.

सी ४०१ ताई: तू निदान फोनवरचे कॉल उभं राहून, फेऱ्या मारत घे. दर अर्ध्या तासाने उठायचं, पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब ठेवायचा. आणि दोन्ही वेळच्या जेवणानंतर १० ते १५ मिनिटं शतपावली. हे सगळ्यांनाच सांगते, मधुमेह असलेल्यांना तर आवर्जून. जेवणानंतर तासा-दीड तासात रक्तातली साखर सर्वांत वर चढते. पाय चालत असले की मांड्यांचे, पोटऱ्यांचे मोठे स्नायू तीच साखर ओढून घेतात, आणि त्या ओढण्याला इन्सुलिनची तितकी गरजही लागत नाही. आजोबा-पणजोबा अंगणात करायचे तेच. आपण पार्किंगमध्ये करू.

ए १०३ काका: मी मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी घेतो. त्यात चालणं वाढवलं तर काही त्रास?

सी ४०१ ताई: बरं झालं विचारलंत. ही गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. उपाशीपोटी टेकडीवर जाऊ नका. खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, डोकं हलकं झालं की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत साखर तपासायची. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. आणि व्यायाम वाढवायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा, कधीकधी गोळीचा डोस कमी करावा लागतो.

ए ६०२ वहिनी: ताई, एक विचारू का? सासूबाई मागच्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पडल्या ते सगळ्यांना माहीत आहेच. खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या तर रोज संध्याकाळी खाली चार फेऱ्या मारायच्या, एक दिवस चुकवायच्या नाहीत. तरी असं का व्हावं? आता आठवतं की पडायच्या आधी कित्येक महिने त्या सोफ्यावरून दोन्ही हात टेकूनच उठायच्या.

सी ४०१ ताई: वहिनी, तुम्ही अगदी मर्माचं बोललात. मला या ग्रुपवर कधीपासून हेच सांगायचं होतं, म्हणून आज जरा लांब लिहिते.

चालण्याने हृदय, फुप्फुसं, साखर, बीपी, झोप, मन या सगळ्याला फायदा होतो. पण सपाट जागी रमतगमत चालून मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही आणि तोलही सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस बघा. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. एवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याच कागदावर पुढे लिहिलंय की आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करा, आणि ६५ च्या पुढच्यांनी तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा. हे पुढचं आपल्याकडे कुणी करत नाही. वयस्कर बायका तर नाहीच नाही, कारण "वजनं उचलायची" म्हटलं की डोळ्यांसमोर तालमीतले पैलवान येतात.

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, साठीनंतर वेग वाढतो. वजनकाट्यावर ते दिसत नाही, कारण स्नायूंच्या जागी चरबी आलेली असते. दिसतं ते असं: जमिनीवर बसणं बंद होतं, मग पाटाऐवजी खुर्ची, मग खुर्चीतून उठताना हात. घरचे म्हणतात वय झालं. वय झालेलं असतंच, पण ही ताकद सत्तरीत, ऐंशीतसुद्धा परत कमावता येते. माझ्या हाताखाली लोकांनी कमावली आहे.

आज घरी करून बघा. सरळ पाठीची, हात नसलेली जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. चाकांची नको, हलकी प्लास्टिकचीही नको, ती सरकते. मधोमध बसा, पावलं जमिनीवर सपाट, हात छातीवर फुलीसारखे. घरातल्या कुणीतरी शेजारी उभं राहून ३० सेकंद मोजायची. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. किती वेळा होतं? अमेरिकेतल्या आरोग्य खात्याच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाच्या बायकांना ११ पेक्षा कमी आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी म्हणजे पडण्याचा धोका धरतात. आकडे तिकडचे आहेत, तंतोतंत धरू नका. पण हात न टेकता एकदाही उठता आलं नाही तर मात्र दुर्लक्ष करू नका.

जी चाचणी तोच व्यायाम. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, ८ ते १० वेळा, दिवसातून दोनदा. बसताना धपकन बसायचं नाही, तीन आकडे मोजत सावकाश खाली यायचं. सगळी कमाई त्या सावकाश उतरण्यात आहे. गुडघे आत वळू देऊ नका. श्वास कोंडू नका, बीपी असलेल्यांनी विशेष जपा. मग ओट्याला धरून टाचा वर-खाली, आणि एका पायावर १० सेकंद उभं राहणं, बोटं ओट्यावरच ठेवून. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एवढं होतं.

छातीत दुखलं, चक्कर आली, धाप थांबेना तर लगेच बंद आणि डॉक्टर.

बी ५०२ काकू: केलं. उशी ठेवून ५ झाले. उशीशिवाय एक.

सी ४०१ ताई: काकू, उत्तम. पुढचे दोन आठवडे उशीवरच. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चालेल, पण गुडघा सुजला तर मला सांगा.

ए १०३ काका: मी सकाळी बारा सूर्यनमस्कार घालतो. ते ताकदीत धरायचे का?

सी ४०१ ताई: नक्की धरायचे. हात, खांदे, पाठ, पाय सगळं येतं त्यात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात शाळाशाळांतून ते सुरू केले ते काही उगीच नाही. फक्त गुडघेदुखी असलेल्यांनी आणि बीपी आटोक्यात नसलेल्यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

ए ६०२ वहिनी: आणि खाण्याचं? सासूबाईंचा नाश्ता चहा आणि दोन टोस्ट. रात्री भात-ताक.

सी ४०१ ताई: नुसत्या व्यायामाने स्नायू होत नाही, त्याला प्रथिनं लागतात. आपल्याकडची शिफारस दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅमची आहे, वयस्करांना १ ते १.२ पर्यंत सांगतात. ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. चहा-टोस्टने कुठून होणार? सकाळी मोड आलेली मटकी किंवा मुगाचं धिरडं, जेवणात घट्ट वरण, वाटीभर दही, चालत असेल तर एक अंडं, त्यात ६ ग्रॅम मिळतात. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवायची. आणि बाथरूममध्ये पकडायला दांडा, रात्रीचा छोटा दिवा, झोपेतून उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मगच उभं राहायचं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हे फार महत्त्वाचं.

सेक्रेटरी: फार उपयुक्त चर्चा. सोसायटीसाठी ट्रेडमिल घ्यावी असा एक अर्ज आलेला आहे. कमिटीत मांडू का?

सी ४०१ ताई: साहेब, माझं स्पष्ट मत सांगते. ट्रेडमिल चार तरुण वापरतील आणि दोन वर्षांत बंद पडेल. त्याआधी सगळ्या विंगच्या जिन्यांना भिंतीच्या बाजूनेही रेलिंग लावा. आत्ता एकाच बाजूला कठडा आहे. ज्यांचा तो हात धड नाही त्यांनी उतरताना काय धरायचं? आणि हॉलसाठी दहा मजबूत, बिनहाताच्या खुर्च्या घ्या. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास मी येते, पैसे नकोत. पावसात पर्वतीच्या पायऱ्या आणि तळजाईची वाट निसरडी असते, तोवर सगळे हॉलमध्ये जमू.

बी ३०१ दादा: रेलिंगला माझा पाठिंबा. आई-बाबा गावाहून आले की मलाही तीच काळजी असते.

ए ६०२ वहिनी: सासूबाईंना वॉकर घेऊन आणलं तर चालेल?

सी ४०१ ताई: त्यांच्या सर्जनना एकदा विचारून घ्या. हो म्हणाले तर त्यांना पहिल्या रांगेत बसवू, मी शेजारी उभी राहीन.

सेक्रेटरी: रेलिंगचं कोटेशन मागवतो, रविवारच्या कमिटी मीटिंगला विषय घेतो. हॉल सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी ५ ते ५.३० देता येईल.

बी ५०२ काकू: बुधवारी ५ ला आमचं भजन असतं.

सेक्रेटरी: मग बुधवारऐवजी गुरुवार? सोमवार-गुरुवार-शनिवार ठेवू. ज्यांना यायचं आहे त्यांनी फ्लॅट नंबर टाका. खुर्च्या येईपर्यंत प्रत्येकाने घरची आणावी, वरच्या मजल्यावरच्यांच्या वॉचमन आणून देतील.

ए १०३ काका: ए १०३, दोघं.

ए ६०२ वहिनी: ए ६०२, सासूबाई आणि मी.

बी ५०२ काकू: बी ५०२. उशी घेऊन येते.